शेवंतीच्या खुडलेल्या शेंड्यांना मुळे फुटली ती अशी

झाडाला घुमारे फुटावेत म्हणून जूनमध्ये शेवंतीचे शेंडे खुडले आणि ते टाकून देणे जिवावर आल्यामुळे कुंडीतल्याच मातीत खोचले. आठवड्याभरात सगळ्यांचे बूड काळे पडून बुळबुळीत झाले. दोष माझ्या पाणी घालण्याच्या हौसेचा होता. दुसऱ्या खेपेस सात-आठ सेंटिमीटरचे, कळी न धरलेले शेंडे घेऊन पेराच्या (पान फुटते त्या सांध्याच्या) लगेच खाली धारदार ब्लेडने काप दिला, खालची पाने काढली आणि धुतलेली वाळू व कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समभाग घेऊन त्यात ते लावले. वरून प्लॅस्टिकची पिशवी घालून कुंडी सावलीत ठेवली व रोज थोडा वेळ पिशवी उघडली. अठराव्या दिवशी एक शेंडा हलकेच ओढून पाहिला, तर तो हलेना. उकरून पाहिले, तर मुळे पांढरी, बोटाच्या पेराएवढी होती.