जनरल साहेबांचं नाव पत्रिकेत कसं छापायचं

लष्करात मी क्लार्क होतो. बंदुकीपेक्षा टाईपरायटर जास्त चालवला. त्यामुळे आमच्या सातारा भागात माजी सैनिकांचा मेळावा असो की हुतात्मा जवानाच्या स्मारकाचं उद्घाटन, पत्रिकेचं प्रूफ माझ्याकडं येतं. त्यात 'मा. श्री. निवृत्त मेजर जनरल' हे ठरलेलंच. सगळ्याच शब्दांची जागा चुकलेली.

हुद्दा सगळ्यात आधी, मग नाव. हुद्दा असला की 'श्री.' लागत नाही. 'निवृत्त' नावानंतर, कंसात. माणूस नोकरीतून निवृत्त होतो, हुद्दा त्याच्याकडंच राहतो. 'मा.' काढा म्हटलं की मंडळाचे अध्यक्ष हिरमुसतात, म्हणून तेवढ्यावरून मी भांडत नाही.

चढती भाजणी अशी: ब्रिगेडियर, मेजर जनरल, लेफ्टनंट जनरल, जनरल. साधा मेजर लेफ्टनंटपेक्षा मोठा, पण लेफ्टनंट जनरल मेजर जनरलच्या वर. इथं भलेभले आपटतात. पाहुणे वर्दीत असतील तर खांदा बघा. तलवार आणि बॅटनची फुली दिसली की जनरल. फुलीवर फक्त तारा असेल तर मेजर जनरल, फक्त अशोकस्तंभाचे सिंह असतील तर लेफ्टनंट जनरल, दोन्ही असतील तर पूर्ण जनरल. ब्रिगेडियरला फुली नसते; सिंह आणि खाली तीन तारे. गाडीच्या लाल पाटीवर ब्रिगेडियरपासून चढत्या क्रमानं एक ते चार तारे असतात. साहेब गाडीत नसले की पाटी झाकायची असते, तेव्हा झाकलेल्या पाटीच्या गाडीपुढं हार घेऊन धावू नका.

हुद्दा वेगळा, नेमणूक वेगळी. कोअरचा (कमांडच्या खालच्या मोठ्या तुकडीचा) प्रमुख लेफ्टनंट जनरल, पुण्यातल्या दक्षिण कमांडचा प्रमुखही लेफ्टनंट जनरल आणि उपसेनाप्रमुखही लेफ्टनंट जनरलच. म्हणून नेमणूक नावाखाली, दुसऱ्या ओळीत छापा. 'आर्मी कमांडर' म्हणजे कमांडचा प्रमुख. त्याला लष्करप्रमुख करून टाकू नका. लष्करप्रमुख एकच, तो जनरल, आणि त्याची मुदत 3 वर्षं किंवा वयाची 62, जे आधी होईल ते.

इंटरनेटवरचा जुना परिचय उचलणार असाल तर तारीख तपासा. नागपूरचे मनोज पांडे एप्रिल 2022 मध्ये उपसेनाप्रमुख, म्हणजे लेफ्टनंट जनरल होते. 30 तारखेला लष्करप्रमुख झाले आणि जनरल लिहायला लागले. अनिल चौहान तर 2021 मध्ये लेफ्टनंट जनरल म्हणून निवृत्त झाले आणि 2022 मध्ये सीडीएस (चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ) होऊन जनरल झाले.

खरी कसोटी पदकांची. ती नावानंतर येतात, पण मिळाली त्या क्रमानं नाही, मानाच्या क्रमानं. परमविशिष्ट सेवा पदक, उत्तम युद्ध सेवा पदक, अतिविशिष्ट सेवा पदक, युद्ध सेवा पदक, सेना पदक, विशिष्ट सेवा पदक. शौर्यासाठीची महावीर चक्र, वीर चक्र अशी चक्रं यांच्यामध्ये आपापल्या जागी बसतात. जनरल अरुणकुमार वैद्यांना 1965 आणि 1971 असं दोनदा महावीर चक्र मिळालं, तरी त्यांच्या नावानंतर आधी परमविशिष्ट सेवा पदक येतं, मग महावीर चक्र, मग अतिविशिष्ट. आपल्याला ते उलटं वाटतं, पण सरकारी क्रम तोच. परमवीर चक्र मात्र या सगळ्यांच्या वर. शेवटी 'एडीसी' दिसलं तर ती राष्ट्रपतींचे मानद एडीसी (सहायक अधिकारी) असल्याची खूण. निवृत्तीनंतर ती गळते.

सूत्रसंचालकाला सांगा, तिन्ही जनरलना बोलताना 'जनरल' आणि आडनाव पुरतं. ब्रिगेडियरना ब्रिगेडियरच म्हणायचं. माधुरी कानिटकरांसारख्या लेफ्टनंट जनरल बाई पाहुण्या असतील तर 'मॅडम' म्हणा, 'ताई' नको.

प्रूफ पाहुण्यांच्या कार्यालयाला पाठवा, निवृत्त असतील तर त्यांनाच. दुरुस्ती आली की फ्लेक्सवाल्यालाही कळवा. पत्रिका सुधारते आणि फ्लेक्स तसाच लागतो.