इंटर्नशिपचा व्हिसा काढताय? तीन महिने म्हणजे नव्वद दिवस नव्हेत!

आमच्या कॉलेजातून दर उन्हाळ्यात पाच-सात पोरं जर्मनीतल्या लॅबमध्ये इंटर्नशिपला जातात. त्यांचे कागद तपासायचं काम माझ्याकडे आहे. दर जानेवारीत त्याच चुकांवर माझा तोच लाल पेन फिरतो.

सगळ्यांची लाडकी चूक दिवसांची. शेंगेन व्हिसावर, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या कमी मुदतीच्या व्हिसावर, कुठल्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं. पोरं म्हणतात, “सर, तीनच तर महिने आहेत.” 1 मे ते 31 जुलै मोजा बघू. 31, 30, 31. झाले 92! मेकॅनिकलचा एक मुलगा नेमक्या याच तारखांचं लॅबचं आमंत्रणपत्र घेऊन मुंबईच्या व्हिसा केंद्रात पोचला. काउंटरवरच्या बाईंनी तारखा बघितल्या आणि फाइल परत सरकवली. नव्वदच्या वर गेलं की जर्मनीचा स्वतःचा जास्त मुदतीचा राष्ट्रीय व्हिसा, म्हणजे अर्ज वेगळा, अपॉइंटमेंट वेगळी. तिकडचे प्रोफेसर भले, दोन दिवसांत 4 मे ते 29 जुलै असं नवं पत्र आलं. पोरगा सुटलो म्हणाला, तेवढ्यात मी तिकीट मागितलं. विमान 2 मेला उतरणार, 31 जुलैला निघणार. पुन्हा 91. लॅबमध्ये किती दिवस बसलात याच्याशी व्हिसाला देणंघेणं नाही. उतरल्याचा दिवस धरतात, निघाल्याचाही धरतात. तिकीट अर्थातच ‘स्वस्त मिळत होतं म्हणून’ आधीच काढलेलं. तारीख बदलायला वडिलांचे अकरा हजार गेले.

तेव्हापासून मी कालनिर्णयवर पेन्सिलने एकेक चौकोन खोडायला लावतो. मोबाइलवर केलेली मोजणी मी मानत नाही. आणि 85च्या पुढे गेलं की पत्रच बदलून आणायला सांगतो, परतीचं विमान रद्द झालं तर हाताशी चार दिवस हवेत.

“टूरिस्टवर जाऊन ये, कोण बघतंय?” असं सांगणारा मामा प्रत्येक घरात असतो. त्याच्याशी मी वाद घालत नाही, फाइल परत देतो.

दुसरी चूक नावाची, आणि ही खास आपली. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पोरं तेच उचलून मेलमध्ये लिहितात. तिकडचा माणूस शेवटचा शब्द आडनाव समजतो. एकीचं आमंत्रणपत्र ‘प्रिय कुमारी सुरेश’ असं आलं होतं. सुरेश तिचे वडील. पासपोर्टवर भलतंच, पत्रावर भलतंच, मग बसा दुरुस्त्या करत. पहिल्याच मेलला पासपोर्टच्या पानाचा स्कॅन जोडा आणि पत्र, विमा, तिकीट यांवर त्यातलंच स्पेलिंग टाका.

विमा किमान 30,000 युरोचा हवा, उतरण्यापासून निघण्यापर्यंतचा. फोटो 35 बाय 45 मिलिमीटर. स्टुडिओवाल्याला चेहरा गोरा करू नको म्हणून आधीच बजावा. पासपोर्ट परतीनंतर आणखी तीन महिने चालायला हवा. शाळेत असताना काढलेला बहुधा पाचच वर्षांचा असतो, तारीख बघा. बँकेत आदल्या आठवड्यात काकांकडून आणून भरलेले तीन लाख स्टेटमेंटवर लगेच उठून दिसतात. त्यापेक्षा वडिलांचं सहा महिन्यांचं साधं खातं आणि त्यांचं हमीपत्र बरं. अर्ज सहा महिने आधीपासून घेतात. तरी निम्मी पोरं एप्रिलमध्ये उगवतात आणि ‘तत्काळ होत नाही का सर’ विचारतात.

कागद हातातल्या पिशवीत ठेवा. जायचं हॅनोव्हरला असलं, तरी विमान फ्रँकफर्टला बदलत असेल तर इमिग्रेशन तिथेच होतं. मोठी बॅग तेव्हा विमानाच्या पोटात असते. आमची एक मुलगी तिथे उभी राहिली, पत्र बॅगेत, बॅगेवर आईने शिवलेलं कव्हर. शेवटी प्रोफेसरांचा मेल मोबाइलवर दाखवून सुटली, तोही विमानतळाच्या फुकट वायफायवर, कारण सिमकार्डही त्याच बॅगेत होतं.