प्रश्नावलीतला चौथा प्रश्न

समाजशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षी बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या सर्वेक्षणासाठी मी तयार केलेल्या प्रश्नावलीत चौथा प्रश्न 'तुमचे मासिक उत्पन्न किती?' असा होता, आणि त्याचे उत्तर कोणालाही देता येईना. तेथे महिन्याचा पगार नसतो. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतली जाते आणि ती तोडलेल्या उसाच्या टनांवर फेडली जाते. शिवाय हिशेब माणशी नसून कोयत्यावर होतो, आणि कोयता म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी. त्यामुळे बाईची मजुरी वेगळी विचारली तर तसा आकडाच कोणाकडे नव्हता. श्रम, कुटुंब आणि लिंगभाव ही प्रकरणे मी स्वतंत्रपणे पाठ केली होती. ती त्या एका रिकाम्या रकान्यात एकत्र भेटली.

म्हणून समाजशास्त्राच्या नव्या विद्यार्थ्याने व्याख्येआधी तिच्यामागचे निरीक्षण शोधावे. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांची 'संस्कृतीकरण' (खालच्या मानल्या गेलेल्या जातींनी वरच्या जातींच्या चालीरीती उचलणे) ही संकल्पना कर्नाटकातील कूर्ग लोकांच्या अभ्यासातून आकाराला आली, हे कळल्यावर ती पाठ करावी लागत नाही. क्षेत्रकार्याची टिपणे मात्र त्याच रात्री लिहावीत. १९७० मध्ये स्टॅनफर्ड येथील आगीत टिपणे जळाल्यावर श्रीनिवासांनी रामपुरा गावावरचे पुस्तक मुख्यतः आठवणीवर लिहिले हे खरे, पण तेवढी स्मरणशक्ती आपल्याजवळ आहे असे धरून चालू नये.

परीक्षांविषयी थोडक्यात सांगतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत समाजशास्त्र हा ५०० गुणांचा वैकल्पिक विषय असून उत्तरे मराठीतही लिहिता येतात. महाविद्यालयात अध्यापनासाठी नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्यस्तरीय) ही पात्रता परीक्षा द्यावी लागते; महाराष्ट्र व गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. संशोधन प्रकल्पांतील नेमणुका बहुधा काही महिन्यांच्याच असतात, ही अडचण घरच्यांना आधीच समजावून सांगितलेली बरी. या क्षेत्रात जायचे असेल, तर संख्याशास्त्राला घाबरून तो पेपर टाळू नये. मी टाळला आणि पुढे नोकरी सांभाळून तोच विषय शिकत बसलो.

पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत माझ्या गुणपत्रिकेवर फारशी चर्चा झालीच नाही. चौथा प्रश्न बदलून मी 'यंदा कोयत्याला उचल किती मिळाली आणि गेल्या हंगामाची किती अंगावर राहिली?' असा का केला, याच एका मुद्द्यावर जवळजवळ अर्धा तास गेला.