कुस्ती मैदानाचा निवेदक कसे व्हावे

भारदस्त आवाज असला की कुस्तीचे निवेदन करता येते, अशा समजुतीने पुष्कळ तरुण माइक हातात घेतात आणि दोन-तीन मैदानांतच मागे पडतात. आवाज लागतोच, पण निवेदकाची किंमत ठरते ती त्याच्या नजरेवर आणि स्मरणशक्तीवर. दूरचित्रवाणीवरील अमेरिकी कुस्तीत निकाल आधीच ठरलेला असतो आणि समालोचकाला त्याभोवती कथा रंगवायची असते. आपल्या आखाड्यात मात्र पुढच्या क्षणी अस्मान कोण पाहणार, हे पंचांनाही ठाऊक नसते. त्यामुळे येथील निवेदकाचे शिक्षण माइकसमोर नव्हे, तर तालमीत सुरू होते.

स्वतः लंगोट लावलेला असेल तर उत्तमच. नसेल तर कोल्हापुरातील गंगावेश, शाहूपुरी वा मोतीबाग, पुण्यातील गोकुळ वस्ताद तालीम किंवा आपल्या गावाजवळची कोणतीही चालती तालीम गाठावी आणि वस्तादांची परवानगी घेऊन निदान एक वर्ष तेथील मेहनत व लढती पाहत बसावे. डावांची नावे पाठ करणे सोपे असते. डाव होत असताना तो ओळखणे अवघड असते. कलाजंग आणि धोबीपछाड या दोन्ही डावांत प्रतिस्पर्धी खांद्यावर येतो, म्हणून नवखा निवेदक येथे हमखास चुकतो. कलाजंगमध्ये मल्ल समोरच्याचा एक हात धरून खाली शिरतो, दुसरा हात त्याच्या मांड्यांमध्ये घालतो आणि त्याला खांद्यांवर आडवा घेऊन टाकतो. धोबीपछाडमध्ये तो धरलेला हात ओढत पाठ फिरवतो आणि कपडा दगडावर आपटावा तसा प्रतिस्पर्ध्याला पाठीवरून पुढे आणून आदळतो. खांद्याकडे पाहत राहिलो तर हा फरक फार उशिरा कळतो. ज्या वस्तादांकडे मी हे शिकलो, ते मला मल्लांच्या कमरेखालीच पाहायला लावत: पाय फिरले तर धोबीपछाड, गुडघे वाकवून आत शिरला तर कलाजंग. डाव पडल्यानंतर त्याचे नाव सांगितले तर प्रेक्षकांना त्यातून नवे काहीच मिळत नाही, कारण तोवर त्यांनी तो पाहिलेला असतो.

दुसरी तयारी वहीची. प्रत्येक मल्लाचे पूर्ण नाव, गाव, तालुका, तालीम, वस्ताद, वजनगट आणि मागील महत्त्वाच्या लढती लिहून ठेवाव्यात. तालुका लिहायचा, हे मी फजिती होऊन शिकलो. वडगावच्या एका मल्लाला मी भलत्याच तालुक्यातील वडगावचा म्हणून पुकारले, तेव्हा त्याच्या गावची मंडळी जागेवरून उठून थेट माइकपाशी आली, आणि पुढची कुस्ती लागायला त्यामुळे बराच उशीर झाला. गावाचे नाव हा येथे मल्लाच्या इभ्रतीचा भाग असतो. इतिहासही वहीत असावा, परंतु तो प्रसंग पाहून बाहेर काढावा. कऱ्हाड भागात मैदान असेल तर गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मिळवलेल्या कांस्यपदकाचा उल्लेख शोभतो. कोल्हापुरात असेल तर राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या आणि १९१२ साली खुल्या झालेल्या खासबाग मैदानाविषयी, किंवा १९५९ साली पहिले हिंदकेसरी ठरलेल्या श्रीपती खंचनाळे यांच्याविषयी दोन वाक्ये बोलावीत. दोनच, कारण समोर जोड सलामी देत असताना कोणालाही व्याख्यान नको असते.

यात्रेच्या मैदानात निवेदक हा निम्मा व्यवस्थापकही असतो. यात्रा कमिटीकडून नेमलेल्या कुस्त्यांचे पत्रक शक्यतो आदल्या दिवशीच मिळवावे, कारण दुपारी लहान मुलांच्या कुस्त्यांपासून रात्रीच्या एक नंबरच्या, म्हणजे मैदानातील मुख्य कुस्तीपर्यंत जोड पुकारणे, इनाम जाहीर करणे, पुढच्या मल्लांना तयार राहण्यास सांगणे आणि आखाड्याच्या कडेला उभ्या राहिलेल्यांना खाली बसवणे, हे सारे त्यालाच पाहावे लागते. पाहुण्यांचे सत्कार ही या कामातील सर्वांत मोठी डोकेदुखी आहे. कुस्ती चालू असताना फेटा बांधणार नाही आणि नावही पुकारणार नाही, हे कमिटीशी आधीच बोलून ठेवावे. ऐनवेळी चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या येऊ लागल्या की कोणालाच नकार देता येत नाही. हलगीवाल्यांशीही खूण ठरवून घ्यावी. खडाखडी, म्हणजे पकडीआधीची उभ्याने होणारी झटापट, रंगली की हलगी चढू द्यावी, त्यावर ओरडू नये. पकड बसली की वादकांना हाताने खूण करून मग बोलावे.

बोलताना वाक्ये तोडावीत आणि क्रियापदावर भर द्यावा. 'पट काढला... सुटला... पुन्हा आत शिरला... कब्जा घेतला!' पट म्हणजे समोरच्याचे पाय धरून खेचणे, कब्जा म्हणजे त्याला खाली घेऊन ताब्यात ठेवणे; एवढ्याने मागच्या रांगेत बसलेल्या माणसालाही कुस्ती दिसते. 'अत्यंत प्रेक्षणीय आणि चटकदार अशी ही लढत आपण पाहत आहोत' या वाक्याने काहीच दिसत नाही, आणि तरीही ते प्रत्येक मैदानात वीस वेळा कानावर पडते. दोन्ही मल्ल एकमेकांना जोखत थांबले असतील तर निवेदकानेही थांबावे.

गादीवरील, म्हणजे मॅटवरील कुस्तीसाठी अभ्यास निराळा. महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती आणि गादी या दोन्ही विभागांतील विजेते अंतिम फेरीत समोरासमोर येतात, म्हणून दोन्हींची भाषा यावी लागते. फ्रीस्टाइलमध्ये तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मध्ये ३० सेकंदांची विश्रांती असते. प्रतिस्पर्ध्याला खाली घेऊन ताबा मिळवला तर २ गुण, वर्तुळाबाहेर ढकलले तर १ गुण मिळतो आणि १० गुणांची आघाडी झाली की तांत्रिक गुणाधिक्यावर कुस्ती संपते. गुण समान राहिले तर अधिक मोलाचा डाव कोणी केला, ताकीद कोणाला कमी मिळाल्या आणि शेवटचा गुण कोणाचा, हे क्रमाने पाहिले जाते. बरोबरीच्या फलकावर एक मल्ल पुढे कसा, हे प्रेक्षकांना समजावून सांगणे येथे निवेदकाचे काम असते. २०२२ साली साताऱ्यात पृथ्वीराज पाटील यांनी विशाल बनकर यांना ५-४ असे हरवून गदा पटकावली. एका गुणाचा फरक असलेल्या अशा लढतीत निवेदकाची एक चुकीची घोषणा मैदान पेटवायला पुरेशी असते. म्हणून पंचांनी हात वर करण्यापूर्वी निकाल उच्चारू नये, आणि पंचांचा निर्णय स्वतःला पटला नाही तरी माइकवरून त्याविषयी अवाक्षर काढू नये.

काम मिळवण्याचा रस्ता गावच्या यात्रेतूनच जातो. एखाद्या अनुभवी निवेदकाला भेटून लहान मुलांच्या कुस्त्यांचा अर्धा तास मागून घ्यावा. दुपारच्या उन्हात त्यांनाही घोटभर चहाला उसंत हवीच असते. कोथळीच्या शंकरराव पुजारींसारख्या जुन्या जाणत्या निवेदकांची ध्वनिमुद्रणे ऐकावीत, त्यांचा श्वास कोठे पडतो ते टिपावे, मात्र त्यांची लकब उचलू नये. आज बहुतेक मोठी मैदाने यूट्यूबवर थेट दिसतात आणि घरी ऐकणाऱ्याला हलगीच्या गदारोळात शब्द लागत नाहीत, तेव्हा प्रक्षेपणासाठी माइकची वेगळी जोडणी मागून घ्यावी. हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन पावसाळ्यापर्यंत चालतो. सुरुवातीला मानधन तुटपुंजे असते. प्रवासखर्च मात्र तारीख देतानाच ठरवावा, कारण एक नंबरची कुस्ती संपल्यावर कमिटीतील माणूस शोधून सापडत नाही. मैदान सुटल्यावर निकालांची यादी, नावे आणि गावे तपासून, तेथेच वार्ताहरांच्या हाती द्यावी आणि त्याच रात्री आपल्या वहीतही उतरवावी. पुढच्या यात्रेत तीच जोड पुन्हा लागली तर पहिले वाक्य त्या पानावर मिळते.