ऑक्सॅलिसचे कंद फेकून देऊ नका! या चुका टाळा

दरवर्षी एप्रिल लागला की मला फोन सुरू होतात. कुणाची जाऊ, कुणाची मैत्रीण, शेजारच्या काकू, सगळ्यांचं एकच, "ताई, ते जांभळं झाड गेलं बगा, पानं सगळी लोळली, पाणी तर रोज घालायलेय मी." मी विचारते कुंडी कुठंय, तर निम्म्या वेळा उत्तर येतं, रिकामी केली की. अहो, जिवंत कंद कचऱ्याच्या गाडीत घातले तुम्ही! लातूरला गच्चीवर मी कितीतरी वर्षं ऑक्सॅलिस लावतेय आणि दर उन्हाळ्याला हेच ऐकून आता खरंच जीव तुटतो, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

आधी हे झाड म्हणजे कोणतं ते. तीन त्रिकोणी पानं, गडद जांभळी, फिकट गुलाबी फुलं, नर्सरीवाले कधी शॅमरॉक म्हणतात कधी बटरफ्लाय. मूळ ब्राझीलकडचं. आपल्याकडं कुंडीत, बांधावर आपोआप उगवणारी आंबुटी असते ना, लहानपणी पानं तोडून खायचो ती आंबट, तिच्याच कुळातलं. फरक एवढाच की आंबुटीला कंद नसतो, ती बिया उडवून पसरते, आणि या जांभळ्याला मातीत खवल्याखवल्यांचे कंद असतात. हातात घेऊन बघा, बाळंतकाढ्यातली पिंपळी असते तसा दिसतो, फक्त रंगानं गुलाबट-तपकिरी. सगळा जीव त्या कंदात. पारा चाळिशीकडं सरकला की झाड पानं सोडून देतं आणि कंदात जाऊन बसतं. त्याची झोप असते ती. आणि नेमकं त्याच वेळी माणसं घाबरून दोन्ही वेळ पाणी घालतात. पानंच नाहीत तर ते पाणी पिणार कोण, माती ओली राहते, वरून ऊन, कंद आत शिजून सडतो.

मला हे कुणी शिकवलं नाही, २०१६ च्या उन्हाळ्यानं शिकवलं. लातूरकरांना तो उन्हाळा सांगायची गरज नाही, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं आपल्याला. प्यायच्या पाण्याची ती गत, झाडांना कुठून घालणार, भांडी विसळलेलं पाणी तेवढं तुळशीला. माझ्याकडं तेव्हा ऑक्सॅलिसच्या अकरा कुंड्या होत्या, पानं वाळून गेलेली, त्या उचलून जिन्याखाली सावलीत आडव्या ठेवल्या आणि आशा सोडली. गुलाब गेले, मोगरा गेला, सासूबाईंनी लावलेली जुनी जास्वंद गेली, त्याचं अजून वाईट वाटतं. पाऊस जूनच्या शेवटाकडं आला तेव्हा कुंड्या धुवून ठेवाव्या म्हणून बाहेर काढल्या, दोनतीन पाऊस त्यांच्यावर पडले, आणि आठदहा दिवसांनी सकाळी बघते तर मातीतून उदबत्तीच्या काडीएवढे जांभळट कोंब, प्रत्येकाच्या टोकाला मिटलेली छत्री! अकरापैकी नऊ कुंड्या फुटल्या. आणि माझ्या एका मैत्रिणीच्या बोअरला तेव्हाही थोडं पाणी होतं, तिनं माझ्याच कंदांपासून केलेल्या कुंड्यांना माया करून रोज तांब्या तांब्या घातला, तिचा एकही कंद राहिला नाही, उकरलं तर नुसता वास येणारा लगदा.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली. पाडवा झाला की पाणी कमी करत आणायचं, पानं पिवळी पडायला लागली की बंद. हिरवी-जांभळी पानं कापायची नाहीत, आपली आपण वाळू द्यायची, कारण जाता जाता ती कंदात साठवण करत असतात. मग कुंडी सावलीत, कोरडी, जिथं येताजाता कुणी पाणी ओतणार नाही अशी जागा. घरात कुणालातरी दया येतेच, म्हणून मी कुंडीवर खडूनं "पाणी नको" लिहिते. मृगाचा पाऊस झाला की बाहेर. काही जण कंद काढून ठेवतात, चालतं, पण कागदात किंवा कोरड्या वाळूत ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत घाम धरून बुरशी येते. शंका वाटली तर कंद बोटांत दाबून बघा, टणक असला तर जिवंत, मऊ पडला आणि वास आला तर गेला. हे बघायला एक मिनिट लागतं, तेवढा तरी धीर धरा. आजकाल लावलं की आठ दिवसांत फुलं पाहिजेत आणि पान पडलं की झाड बाहेर, असं असेल तर कंदाच्या वाट्याला जाऊच नये.

दुसरी चूक मातीची. शेतातली काळी माती आणून कुंडी भरतात, कापसाला-सोयाबीनला चांगली म्हणजे कशालाही चांगली असं वाटतं. कुंडीत तीच माती पावसाळ्यात चिबड होते, पाणी धरून बसते, आणि उन्हाळ्यात भेगा पडून ढेकूळ होतं. मी एक घमेलं काळी माती घेतली तर एक घमेलं चाळलेला बारीक मुरूम किंवा भरड वाळू आणि एक घमेलं गांडूळ खत घालते. पाणी घातलं की दोन मिनिटांत खालून निघालं पाहिजे. कंद दीड-दोन इंच खोल, सहा इंची कुंडीत चारपाच, कुठली बाजू वर ते कळलं नाही तर आडवा ठेवा, कोंब आपली वाट काढतो.

आता जी चूक मला सगळ्यात जास्त छळते ती. गुलाबी फुलाचं हिरवं ऑक्सॅलिस जमिनीत लावणं. लॅटिफोलिया म्हणतात त्याला, तेही मूळ अमेरिका खंडातलं, आता आपल्याकडं तण म्हणून फिरतंय. एका नर्सरीतून आणलेल्या मोगऱ्याच्या मातीत ते आमच्या गावाकडच्या परसात आलं. फुलं नाजूक, जाऊबाईंना आवडलं, त्यांनी तिथंच वाढू दिलं. पुढच्या वर्षी भाजीचे वाफे करायला दिरांनी सगळं कुदळून काढलं आणि तिथंच घात झाला, कारण त्याच्या मोठ्या कंदाभोवती हरभऱ्याएवढ्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या बारक्या कंद्या लोंबकळत असतात आणि कुदळ लागली की त्या चहूकडं उडतात. पावसानंतर मेथीच्या वाफ्यात मेथी कोणती आणि हे कोणतं कळेना, दोघांनाही तीन तीन पानं! निवडताना सुटलं आणि एक दिवस मेथीची भाजी आंबट लागली, तेव्हा लक्षात आलं किती पसरलंय.

दोन वर्षं लागली आवरायला. नुसतं उपटलं की पान हातात येतं आणि कंद खाली हसतखेळत राहतो, खुरप्यानं वरवर खुरपलं तरी तेच, लव्हाळ्याशी भांडलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. आम्ही काय केलं, वाफसा आल्यावर टिकावानं ढेकळासकट उचललं, हातानं फोडून वाळूच्या चाळणीतनं माती काढली, निघालेले कंद पत्र्यावर उन्हात खडखडीत वाळवले. शेणखताच्या उकिरड्यात एकही टाकला नाही, नाहीतर खताबरोबर सगळ्या शेतात गेला असता. पुढच्या एप्रिल-मेमध्ये वाफा भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक कडा मातीनं दाबून दीड महिना अंथरलं, त्यानं वरवरचे गेले, खोलातले तरीही फुटले, ते एकेक करून काढले. तणनाशक मारून एका दिवसात संपवू म्हणणारे भेटतात, वरची पानं जळतात, बारक्या कंद्या पुन्हा फुटतात आणि शेजारची भाजी मात्र जाते. म्हणून सांगते, कोणतंही ऑक्सॅलिस असू द्या, आधी एक वर्ष कुंडीत ठेवा, त्याचं वागणं बघा. आणि उपटलेला ढीग शेळ्यांपुढं टाकू नका, त्यात ऑक्झॅलेट असतं, पोटभर खाल्लं तर जनावराला बाधतं.

बाकीच्या लहानसहान. संध्याकाळी पानं मिटली म्हणून पाणी घालू नका, ती रोज रात्री मिटतात आणि सकाळी उघडतात. सकाळचं ऊन द्या, दुपारचं आपल्याकडचं ऊन मार्चपासूनच पान करपवतं, ग्रीन नेट बांधा. पानांवर बारीक पांढरे ठिपके आणि खाली जाळं दिसलं तर कोरड्या हवेतले लाल कोळी आहेत, पानांच्या खालून पाण्याचा फवारा मारा, दोनतीन दिवसांनी परत मारा. पानाखाली नारिंगी पूड दिसली तर तांबेरा, ती पानं काढून टाका, आणि मका लावत असाल तर जास्तच जपा, मक्याच्या तांबेऱ्याची बुरशी आयुष्यातला एक टप्पा ऑक्सॅलिसवर काढते. युरिया तर अजिबात नको, नुसती लांब लांब देठं लोळतात.

आणि ते लाल-पांढऱ्या पट्ट्याच्या फुलाच्या ऑक्सॅलिसचे कंद ऑनलाइन मागवता ना, ते दक्षिण आफ्रिकेतले, थंडीत वाढणारे. पाऊस सुरू झाला म्हणून जूनमध्ये लावले की सडलेच समजा. दसरा-दिवाळीच्या दरम्यान रात्री गार व्हायला लागल्या की लावा, वेळ अमावस्येपर्यंत, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येपर्यंत, पानं चांगली भरतात, आणि यांना मात्र ऊन भरपूर द्या, ढगाळ दिवशी फूल उघडतच नाही.