मेनच्या तळ्याकाठी झाडाला हात लावण्याआधीची तयारी

अमेरिकेच्या मेन राज्यात तळ्याकाठी घर घेतलं की पहिल्याच उन्हाळ्यात वाटायला लागतं, पडवीतून पाणी नीट दिसत नाही, समोरची चार झाडं काढून टाकू. झाडं तोडणाऱ्याला फोन केला तर तो दुसऱ्या दिवशी हजरही होतो. त्या फोनच्या आधी काय मोजायचं, कुणाला विचारायचं आणि काय लिहून ठेवायचं, ते इथे कामाच्या क्रमाने दिलं आहे. क्रम मोडू नका. झाड आडवं झालं की त्याची उंची, पसारा, जागा काहीच सिद्ध करता येत नाही आणि उरलेला खुंट तुमच्याविरुद्ध साक्ष देतो.

सुरुवात गावच्या कचेरीतून करा. मेनमध्ये १९७१ पासून शोअरलँड झोनिंगचा, म्हणजे पाण्याकाठच्या जमिनीच्या वापराचा कायदा आहे. राज्याने किमान नियम ठरवून दिले आहेत आणि प्रत्येक गावाने ते आपल्या नियमावलीत घ्यायचे असतात. गावाला त्याहून कडक नियम करता येतात, सैल करता येत नाहीत. म्हणून इथे दिलेले आकडे राज्याचे किमान आकडे समजा आणि आपल्या गावाची नियमावली व झोनिंगचा नकाशा समोर घेऊन पडताळा. दहा एकरांहून मोठ्या नैसर्गिक तळ्याला तिथे ‘ग्रेट पाँड’ म्हणतात. अशा तळ्याच्या आणि नदीच्या काठापासून २५० फुटांपर्यंतची जमीन या कायद्याखाली येते, ओढ्याच्या बाबतीत ७५ फुटांपर्यंतची. नकाशावर आपला प्लॉट कोणत्या रंगात आहे ते आधी बघा. तो ‘रिसोर्स प्रोटेक्शन’ या कडक संरक्षणाच्या भागात असेल आणि ग्रेट पाँडला लागून असेल, तर काठापासून ७५ फुटांत धोकादायक झाड सोडून काहीही तोडता येत नाही. मग त्या पट्ट्यापुरता, पुढे दिलेला झाडांच्या गुणांचा हिशोब करण्यात अर्थ नाही.

गावात याचा निर्णय कोड एन्फोर्समेंट ऑफिसर देतो. गावकरी त्याला नुसतं ‘सीईओ’ म्हणतात, तेव्हा गोंधळू नका. पत्रव्यवहार ईमेलने ठेवा. बांधावर उभ्याने झालेलं ‘हो, चालेल’ हे दोन वर्षांनी नवा अधिकारी आला की कुणाच्याच लक्षात नसतं.

आता टेप काढा. शंभर फुटी फायबरग्लासचा टेप, शिंप्याचा टेप, सुतळीचं बंडल, वीसेक खुंट्या, रंगीत रिबीन, ओळंबा आणि एक वही, एवढं सामान पुरतं. पहिली रेघ ठरवायची ती पाण्याच्या नेहमीच्या वरच्या पातळीची. आज पाणी जिथे आहे ती जागा ही रेघ नव्हे. बऱ्याच तळ्यांवर बांध आहेत आणि शरदात पाणी खाली सोडतात. त्या दिवसांत पाण्याच्या कडेपासून मोजलं तर सगळाच पट्टा तळ्याकडे सरकतो आणि राखीव झाडं हिशोबाबाहेर पडतात. खडकावरचा पाण्याचा डाग, मातीचा बदललेला पोत, पाणवनस्पती संपून जमिनीवरची झुडपं सुरू होतात ती जागा, या खुणा शोधा आणि तिथे रिबीन बांधा. खात्री नसेल तर ही रेघ अधिकाऱ्यालाच दाखवायला सांगा. पुढचं सगळं मोजमाप तिच्यावर उभं आहे.

त्या रेघेपासून आत, ग्रेट पाँड आणि त्याला मिळणाऱ्या नदीसाठी १०० फूट आणि इतर पाण्यासाठी साधारणपणे ७५ फूट, हा झाडझाडोऱ्याचा राखीव पट्टा. अंतर आडव्या पातळीत मोजायचं. इथे नवखे हमखास चुकतात, कारण टेप उतारावर अंथरला जातो. शंभर फुटांना तीस फूट चढ असेल, तर उतारावर अंथरलेल्या १०० फुटी टेपमध्ये आडवं अंतर जेमतेम ९६ फूट भरतं. चार फुटांच्या पट्टीत दोन मोठी पाइन सहज उभी असतात. टेप ताणून आडवा धरा, टोकाला ओळंबा सोडा आणि दहा-दहा फुटांच्या पायऱ्यांनी वर चढा.

यानंतर खरं काम. जिथे तोड करायची आहे तिथे २५ फूट बाय ५० फुटांचे चौकोन आखा. ते एकमेकांना लागून हवेत, एकावर एक यायला नकोत. दीडशे फूट काठ असलेल्या प्लॉटवर, १०० फुटांच्या पट्ट्यात असे बारा चौकोन बसतात. प्रत्येक झाडाचा व्यास जमिनीपासून साडेचार फुटांवर मोजायचा. व्यास थेट मोजता येत नाही, म्हणून शिंप्याच्या टेपने घेर घ्या आणि ३.१४ ने भागा. सोयीसाठी घेराचेच आकडे पाठ करा: सव्वासहा इंच घेर म्हणजे २ इंच व्यास, साडेबारा म्हणजे ४, पंचवीस म्हणजे ८ आणि पावणेअडतीस म्हणजे १२. या व्यासावरून प्रत्येक उभ्या झाडाला गुण मिळतात. ते असे: २ ते ४ इंच व्यासाच्या झाडाला १, ४ ते ८ इंचांना २, ८ ते १२ इंचांना ४ आणि १२ इंचांपासून वर ८. ग्रेट पाँडच्या आणि त्याला मिळणाऱ्या नदीच्या काठी प्रत्येक चौकोनात किमान २४ गुण उभे राहिले पाहिजेत, इतर पाण्याच्या काठी १६. ज्या चौकोनात एवढे गुण मुळातच नाहीत, तिथे तोड नाही. शेजारच्या चौकोनातले जास्तीचे गुण इकडे वळवता येत नाहीत.

एक चौकोन करून बघू. त्यात १४ इंची व्हाइट पाइन दोन, म्हणजे १६ गुण. नऊ इंची हेमलॉक तीन, म्हणजे १२. पाच इंची बर्च चार, म्हणजे ८. तीन इंची मेपल तीन, म्हणजे ३. एकूण ३९. चोवीस राखायचे, म्हणजे पंधरा गुण मोकळे. एक पाइन काढलं तर ३१ उरतात आणि दुसरंही काढलं तर २३, म्हणजे नियमभंग. शिवाय, शक्य असेल तिथे चौकोनातल्या गुणांपैकी निम्म्याहून जास्त गुण १२ इंचांवरच्या झाडांचे असू नयेत. म्हणजे लहान-मध्यम झाडं साफ करून दोन म्हातारी झाडं ठेवायची, ही युक्ती चालत नाही. योग्यच आहे ते. ती दोन झाडं वादळात गेली तर मागे काय उरणार?

गुण पुरले म्हणून लगेच करवत लावू नका. चौकोनातल्या गुणांबरोबर आणखी तीन अटी एकाच वेळी पाळायच्या असतात, आणि बहुतेक माणसं त्यातल्याच एकीत अडकतात. पहिली म्हणजे झाडांच्या छत्रात २५० चौरस फुटांहून मोठी मोकळी जागा पडता कामा नये, आणि ती भोवतालच्या झाडांच्या फांद्यांच्या टोकापासून मोजतात. अठरा फूट पसारा असलेल्या एका पाइनचं वर्तुळ २५४ चौरस फूट भरतं. म्हणजे वरच्या उदाहरणातलं ते एक पाइन गुणांच्या हिशोबाने काढता आलं असतं, पण शेजारच्या फांद्या त्याच्या छत्रात शिरलेल्या नसतील तर या अटीवर अडतं. झाडाखाली उभं राहून ओळंब्याने फांद्यांची टोकं जमिनीवर उतरवा, खुंट्या ठोका आणि पसारा मोजा. दुसरी अट, ४ इंच आणि त्यावरच्या झाडांच्या एकूण घनफळापैकी ४० टक्क्यांहून जास्त तोड कोणत्याही दहा वर्षांत करता येत नाही. तिसरी, प्रत्येक चौकोनात २ इंचांखालची किमान पाच रोपटी राखायची. पाच नसतील तर ती वाढेपर्यंत एकाही बारीक खोडाला हात लावायचा नाही.

ग्रेट पाँडच्या काठी तीन फुटांखालची झुडपं, पालापाचोळा आणि त्याखालचा कुजट थर यांनाही हात लावायचा नाही. ते कापायचं नाही, झाकायचं नाही, उचलून न्यायचं नाही. आपल्याकडे अंगण झाडणं ही चांगली सवय मानतात. इथे तीच सवय तळ्याला घातक ठरते. वाकून तो थर हातात घ्या. वर गेल्या वर्षीची पाइनची सुकी पानं, खाली अर्धी कुजलेली, त्याखाली बुरशीच्या पांढऱ्या तंतूंनी बांधलेली काळी, ओलसर, स्पंजासारखी माती. पाऊस या स्पंजात मुरतो. तो खरवडला की उघड्या मातीवरून पाणी धावत सुटतं, माती वाहून नेतं आणि मातीच्या कणांना चिकटलेला फॉस्फरस तळ्यात जातो. गोड्या पाण्याच्या तळ्यात शेवाळाची वाढ बहुतेक वेळा फॉस्फरसच्या तुटवड्यामुळे आटोक्यात असते, तो मिळाला की पाणी हिरवं होतं. शेवाळ मरून तळाशी कुजतं, तिथला प्राणवायू खातं, आणि थंड, खोल पाण्यात राहणारे ट्राउटसारखे मासे गुदमरतात. पोर्टलंड शहराचं पिण्याचं पाणी सेबागो तळ्यातून येतं आणि ते इतकं स्वच्छ आहे की त्याला गाळणी यंत्रणेच्या सक्तीतून सूट मिळाली आहे. तळ्याच्या पाणलोटातलं जंगल ते काम करतं.

पाण्यापर्यंत जायला एक पायवाट करता येते. सहा फुटांहून रुंद नको, आणि नागमोडी हवी. सरळ वाट म्हणजे पाण्याचा पाट, शिवाय घरापासून तळ्यापर्यंत उघडी नजर पडेल अशी फट तिने तयार होऊ नये, हेही नियमात आहे. उतारावर दर काही पावलांना आडवा ओंडका तिरपा पुरून पाणी बाजूच्या झुडपांत वळवा. गोचिडांच्या भीतीने अनेक जण सगळं झुडूप छाटतात. तिथल्या हरणांवरच्या गोचिडांमुळे लाइम रोग होतो, म्हणून भीती खरी आहे. पण सहा फूट रुंद वाटेच्या मधून चाललं तर अंगाला पानं लागत नाहीत, तेवढं पुरतं. पाणी दिसावं हाच हेतू असेल तर आधी छाटणीचा विचार करा. झाडाच्या खालच्या एक तृतीयांश भागातल्या फांद्या छाटायला परवानगी आहे. साठ फुटी पाइनच्या खालच्या वीस फुटांतल्या फांद्या गेल्या की खोडांमधून भरपूर पाणी दिसतं, आणि गुण एकही कमी होत नाही.

घराकडे किंवा धक्क्याकडे झुकलेलं, पोखरलेलं झाड धोकादायक म्हणून काढता येतं, पण आधी अधिकाऱ्याला दाखवा. शंका असली तर तो वृक्षतज्ज्ञाचं मत मागवू शकतो. खुंट उपटायचा नाही, मुळं काठ धरून ठेवतात. ते झाड गेल्याने २५० चौरस फुटांहून मोठी पोकळी पडत असेल आणि खाली नवी वाढ नसेल, तर देशी जातीचं, निदान चार फूट उंच आणि दोन इंच जाडीचं झाड लावावं लागतं. वादळात पडलेल्या झाडांचा नियम थोडा वेगळा आहे. एक हंगाम वाट बघायची, आपोआप उगवलं नाही तर गेलेल्या छत्राच्या दर ८० चौरस फुटांना एक देशी रोप लावायचं. बिटरस्वीट किंवा जपानी नॉटवीडसारखं परदेशी आक्रमक झाडोरं काढायला मोकळीक आहे, पण चाकांवर किंवा साखळीपट्ट्यांवर चालणारं यंत्र काठापासून २५ फूट लांबच चालवायचं आणि तिथेच उभं करायचं. नॉटवीड हाताने खणताना मुळाचा तुकडा मागे राहिला तर त्यातून पुन्हा उगवतो. म्हणून सगळे तुकडे वेचून पिशवीत भरा.

आधीपासून असलेलं लॉन कायदेशीर असेल तर तसं ठेवता येतं, वाढवता येत नाही. एक धोका मात्र लक्षात ठेवा. जुनी मोकळी जागा काही वर्षं न कापता सोडली आणि तिथे मुख्यतः झुडपं-झाडं माजली, की ती पुन्हा राखीव पट्ट्यात धरली जाते. माझ्या मते हा धोका पत्करावाच. हायबुश ब्लूबेरी आणि स्वीटफर्न ही तिथली झुडपं काठावर आपोआप रुजत असतील तर त्याहून चांगलं कुंपण विकत मिळत नाही.

शेवटी कागद आणि माणसं. माती उकरायची असेल, मग ती चार पायऱ्यांसाठी का असेना, तर पाण्यापासून ७५ फुटांच्या आत राज्याच्या पर्यावरण खात्याचा वेगळा परवाना लागू शकतो, गावचा परवाना त्याऐवजी चालत नाही. पैसे घेऊन खोदकाम करणारा माणूस एक घनयार्डाहून जास्त माती हलवणार असेल, तर मातीची धूप रोखण्याचं प्रमाणपत्र असलेली व्यक्ती कामावर हजर लागते. ते प्रमाणपत्र काम देण्याआधी बघायला मागा. तोडायच्या झाडांना निळी रिबीन आणि ठेवायच्या झाडांना लाल, असं अधिकाऱ्यासोबत फिरून बांधा, आणि तोडणाऱ्याला चौकोनांचा नकाशा हातात द्या. ‘समोरचं जरा मोकळं कर’ एवढ्या तोंडी सांगण्यावर काम सोडलं तर दंडाची नोटीस जमीनमालकाच्या, म्हणजे तुमच्या नावावर येते.

बांधकामाचा परवाना काढत असाल तर काम सुरू होण्याआधीचे काठाचे फोटो अर्जासोबत द्यावे लागतात आणि काम संपल्यावर २० दिवसांच्या आत नंतरचे. नुसती तोड असली तरी फोटो काढाच, होडीतून काठाकडे तोंड करून आणि प्रत्येक चौकोनाच्या चारी कोपऱ्यांतून. बर्फ पडायच्या आत काढा, कारण बर्फाखाली झुडपं आणि रोपटी दिसत नाहीत. वहीत चौकोनाचा क्रमांक, प्रत्येक झाडाची जात, घेर, गुण आणि तोडीची तारीख लिहा. ४० टक्क्यांचा हिशोब दहा वर्षांचा आहे आणि तो जमिनीला चिकटलेला असतो. घर विकाल तेव्हा ही वही किल्ल्यांबरोबर नव्या मालकाला द्या, आणि घर घेत असाल तर सौदा पक्का करण्याआधी विकणाऱ्याकडे अशी वही किंवा निदान जुने फोटो मागा.