रानफुलांचे अतिनील फोटो: आधी अवरक्ताची गळती थांबवा

सूर्यफुलाच्या पाकळ्या आपल्याला पूर्ण पिवळ्या दिसतात. अतिनील (अल्ट्राव्हायोलेट) प्रकाशात मात्र पाकळ्यांची टोकं उजळ आणि फुलाचा मधला भाग काळाभोर येतो. मधमाशीला दिसणारी ही खूण टिपायचा सराव सूर्यफुलावरच करा, म्हणजे आपली जुळणी बरोबर आहे की नाही ते लगेच कळतं.

साध्या कॅमेऱ्यात सेन्सरपुढची काच अतिनील आणि अवरक्त (इन्फ्रारेड) दोन्ही अडवते. ती काढलेला ‘फुल स्पेक्ट्रम’ कॅमेरा हवा, शक्यतो मिररलेस. लेन्स जितकी साधी तितकी बरी. बऱ्याच भिंगांच्या, कोटिंगवाल्या लेन्समधून अतिनील फारसा जात नाही. जुनी, धातूची ८० मिमी एफ/५.६ एल-निक्कोर ही एनलार्जरची (फिल्मवरून मोठे प्रिंट काढायच्या यंत्राची) लेन्स हेलिकॉइडवर, म्हणजे फिरवून फोकस करायच्या नळीवर, बसवली की छान चालते.

खरी गोम फिल्टरमध्ये आहे. यूजी११ ही फिल्टरची काच अतिनील सोडते, पण ७०० नॅनोमीटरच्या आसपास अवरक्तही सोडते आणि सेन्सर त्यालाच जास्त दाद देतो. म्हणून २ मिमी यूजी११ला अवरक्त अडवणाऱ्या २ मिमी एस८६१२ काचेची जोड द्या. गळती तपासायला त्यावर ४२० नॅनोमीटरखालचा प्रकाश अडवणारा पिवळा फिल्टर चढवून त्याच एक्स्पोजरला फोटो घ्या. फ्रेम काळी यायला हवी. काही उमटलं, तर तुमचा ‘अतिनील’ फोटो अवरक्ताचाच आहे. पानं पांढरट दिसली तरी हाच संशय घ्या. अतिनीलमध्ये ती गडद येतात.

ट्रायपॉड पक्का करून आधी यूव्ही-आयआर कट फिल्टर (फक्त डोळ्यांना दिसणारा प्रकाश सोडणारा) लावा आणि नेहमीचा फोटो घ्या. मग काहीही न हलवता फिल्टर बदलून अतिनीलची जोडी लावा, लाइव्ह व्ह्यू मोठा करून फोकस पुन्हा जुळवा, कारण अतिनीलचा फोकस सरकतो. एफ/८, आयएसओ ८००, १ सेकंद इथून सुरुवात करा. ऊन १० ते २ मधलं घ्या. सूर्य खाली असला की अतिनील झपाट्यानं घटतो. व्हाइट बॅलन्ससाठी प्लंबरच्या टेफ्लॉन टेपचे बरेच थर एकावर एक गुंडाळून त्यावर कॅमेऱ्यातच सेट करा. साधा पांढरा कागद चालत नाही, त्यातली चमक आणणारी द्रव्यं अतिनील शोषून घेतात. रॉ फाइल उघडायच्या सॉफ्टवेअरमधली व्हाइट बॅलन्सची पट्टी बहुधा तिथवर पोचत नाही, त्यासाठी वेगळं डीएनजी प्रोफाइल (सॉफ्टवेअरनं रंग कसे वाचायचे ते सांगणारी फाइल) बनवावं लागतं.

एवढ्या लांब एक्स्पोजरला वाऱ्याची झुळूकही पुरते. देठाशेजारी काडी रोवून सैल क्लिपनं आधार द्या. कास पठारावर मात्र काडी रोवू नका, फूल तोडू नका, वाट सोडू नका. तिथे आयएसओ वाढवून वारा पडायची वाट बघायची.